मरजीवाले आणि सहीवाले

माझा धाकटा मेहुणा मनाच्या दवाखान्यात स्वतः रिक्षा करून गेला, आणि तिथे त्याची भरती मर्जीविरुद्ध झाली. हे कसं झालं ते नातेवाइकांना इतक्या वेळा सांगून झालं आहे की आता ते मलाच पटण्यासारखं वाटू लागलं आहे. म्हणून लिहून ठेवतो.

तो उधन्याला लूमच्या खात्यात कारागीर. सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला खातं म्हणतात. चाळिशी उलटलेला, बिनलग्नाचा, डिंडोलीला थोरल्या भावाच्या घरात पोटमाळ्यावर राहणारा. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, अशी अर्धी हयात गेली. मग झोप गेली. पुढे खातं बंद असलं तरी मशीन ऐकू येऊ लागलं, आणि मग त्या खटखटीत शब्द ऐकू येऊ लागले. सुट्टीच्या दिवशी जास्त. माणसं सुट्टीची वाट पाहतात, तो सुट्टीला घाबरू लागला.

थोरल्या मेहुण्यांनी, म्हणजे आप्पांनी, त्याला गावाकडच्या भगताकडे नेलं. दोरा आणला. दोरा बांधून झाल्यावर मशीन दोऱ्याबद्दलच बोलू लागलं, असं तो मला नंतर म्हणाला. हे तो हसत म्हणाला. तेव्हा मात्र त्याने कुणाला काही सांगितलं नाही. एका सकाळी रातपाळीवरून आला, अंघोळ केली, लग्नाकार्याला घालायचा शर्ट घातला आणि निघाला. खात्यातल्या एका जोडीदाराने त्याला सांगितलं होतं की तिथे झोपेचं औषध देतात आणि दोन-चार दिवस ठेवूनही घेतात. त्याला ठेवून घ्यायलाच हवं होतं. पोटमाळ्यावर झोप येणार नाही, हे त्याचं निदान डॉक्टरच्या आधीच झालं होतं.

ते रुग्णालय एका ट्रस्टचं. पाटी ‘मनःस्वास्थ्य विभाग’ अशी, आणि तिच्याखाली पाटी देणाऱ्याचं नाव पाटीपेक्षा मोठ्या अक्षरांत. बाकांवर नावं, पाण्याच्या टाकीवर नावं, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा नावं. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, म्हणून उद्‌घाटनाच्या दिवशी ऐन उन्हाळ्यात पंखे बंद ठेवले होते, असं तिथली एक आया सांगायची.

खिडकीवरच्या माणसाने विचारलं, “सोबत कोण?”

“कोणी नाही. मीच.”

“पेशंट कुठे आहे?”

“मीच.”

खिडकीवरचा हसला. तिथे पेशंट म्हणजे ज्याला दुसरं कोणी आणतं तो. स्वतःहून आलेला माणूस एक तर औषध कंपनीचा असतो, नाही तर वाट चुकलेला. त्याला बसवून ठेवलं. दुपारी डॉक्टरबाईंनी आत बोलावलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. लूमच्या खात्यात माणूस माणसाशी बोलतो ते दोन ओळी पलीकडे ऐकू जावं म्हणून. तेवढंही पुरत नाही म्हणून हात वापरतात. दोन मुठी जुळवून झटक्याने तोडल्या की धागा तुटला. तळहात आडवा फिरवला की शेठ आला. आपल्या छातीवर बोट ठेवून मग दुसऱ्याकडे रोखलं की माझी मशीनं जरा तू बघ. वीस वर्षं असं बोललं की माणूस घरीही असंच बोलतो, देवळातही, आणि डॉक्टरसमोर घाबरला की जास्तच.

डॉक्टरबाई तरुण, गुजराती, शांत आवाजाच्या. इतक्या शांत की त्यांचे निम्मे प्रश्न त्याला ऐकूच आले नसणार. त्यांनी हिंदीत विचारलं, आवाज काय सांगतात? तो उभा राहिला. त्याने खात्यातल्या आवाजात सांगितलं की ते सांगत काही नाहीत, झोप तोडतात. आणि दोन मुठी जुळवून त्यांच्या टेबलावर, हवेत, झटक्याने तोडल्या. मग आपल्या छातीवर बोट ठेवून त्यांच्याकडे रोखलं. म्हणजे, आता माझं जरा तुम्ही बघा.

बाईंनी खुर्ची मागे घेतली. दोन वॉर्डबॉय आले. त्यांनी दंड धरले तेव्हा तो आणखी मोठ्याने म्हणाला, “अरे, मी मन्हा पायवर उनू ना.” मी माझ्या पायांनी आलो, असं तो सांगत होता. अहिराणी तिथे कोणाला येत नव्हती, आवाज मात्र सगळ्यांना कळला.

त्याच्या खिशातल्या फोनवरून आप्पांना बोलावलं गेलं. आप्पा आले, ऐकलं, मान डोलावली आणि सही केली. मानसिक आरोग्याच्या नव्या कायद्यात भरतीचे दोन मार्ग आहेत. एक, माणूस आपल्या इच्छेने येतो आणि म्हणेल तेव्हा जातो. दुसरा, त्याचं हित दुसऱ्या कोणाला तरी अधिक कळतं, तो सही करतो, आणि मग जायचं कधी तेही त्याला आणि डॉक्टरला विचारून. मी तो कायदा वाचला आहे. चांगला लिहिलेला आहे. आपल्याकडे कायदे चांगलेच लिहिलेले असतात, आणि ज्याच्यासाठी लिहिले तो सोडून सगळ्यांना वाचता येतात. वॉर्डात एवढं कोणी बोलत नसे. तिथे दोनच जाती होत्या. मरजीवाले आणि सहीवाले.

माझी बायको आणि मी संध्याकाळी गेलो तेव्हा तो गाढ झोपला होता. “कित्येक महिन्यांनी झोपला असेल,” ती म्हणाली, आणि तिथल्या तिथे आयाशी भांडली, कारण आया तिला हळू बोला म्हणाली होती.

पुढचे काही दिवस मी शाळा सुटली की तिकडे जाऊन बसायचो. मी मराठी शिकवतो. वर्गात पोरं मराठी वाचतात आणि आपसांत गुजराती बोलतात, त्यामुळे कोणी लक्ष देत नसताना बसून राहण्याची मला सवय आहे. व्हरांड्यात बसून एवढं लक्षात आलं की मरजीवाल्यांच्या घरी लिफ्ट असते. त्यांच्याबरोबर चार-पाच माणसं येतात, डॉक्टरांना नावाने ओळखतात आणि रुग्ण गप्प असला तर त्याच्या वतीने इच्छा व्यक्त करतात. सहीवाले बहुधा एकटे पुरुष. ओडिशाचे, युपीचे, आमच्या खानदेशातले. कोणाला पोलिसांनी स्टेशनवरून आणलेलं, कोणाला खोलीतल्या जोडीदारांनी, जे सोडून लगेच पाळीवर पळाले. एक ओडिया विणकर भरतीपासून बोललाच नव्हता. त्याच्या कागदावर ‘सहकार्य करत नाही’ असं होतं. त्याच्याशी बोललं गेलं होतं ते गुजरातीत. बायका दोन्हीकडे होत्या, पण सहीवाल्या बायकांच्या सह्या सासरच्या होत्या. हे सगळं मी कुठल्या शास्त्राच्या आधाराने म्हणत नाही. नुसता बाक होता, आणि त्यावर नाव दुसऱ्याचं होतं.

समोरच्या खाजगी खोलीत एक वयस्कर गुजराती आजी होत्या, कापडवाल्या घरातल्या; सगळे त्यांना बा म्हणत. त्यांनी जेवण सोडलं होतं. त्या पांढऱ्या गाडीतून आल्या तेव्हा गाडीतून उतरायलाच तयार नव्हत्या. दोन मुलं आणि दोन सुना अर्धा तास दार उघडं धरून उभी होती. मोठा मुलगा खिडकीवर सांगत होता, “बा पोतानी मरजीथी आव्यां छे.” म्हणजे बा स्वतःच्या मर्जीने आल्या आहेत. बा गाडीतली कडी घट्ट धरून बसल्या होत्या. त्या मरजीवाल्या झाल्या.

व्हरांड्यात फिरायला परवानगी मिळाली तशी त्यांची आणि माझ्या मेहुण्याची ओळख झाली. मी शेजारीच होतो.

“तमे जाते आव्या?” त्यांनी विचारलं. म्हणजे स्वतः आलात?

“हो बा. रिक्षाने.”

“गांडा छो?” बा म्हणाल्या. वेडे आहात का, असं विचारायला त्या जागेत त्यांच्याइतकं हक्काचं कोणी नव्हतं. “इथे कोणी स्वतः येतं का? मला बघ. मला स्वतः आलेली करून ठेवलीय.”

“मग जा ना घरी. तुम्हाला तर कोणी अडवू शकत नाही.”

“घरी कुठे? तिथेच तर आणणारे बसलेत.”

दोघं हसले. आयाने त्यालाच हळू हसायला सांगितलं.

आठवड्याभरात तो बराच सावरला. मशीन अजून ऐकू येत होतं, पण नुसतं मशीन, बोलणं नाही. आता त्याला घरी जायचं होतं. त्याची मशीनं खात्यात बदलीचा माणूस चालवत होता, आणि बदलीचा माणूस फार दिवस बदलीचा राहत नाही. हात बसला की शेठ त्यालाच ठेवतो. तो मला रोज तेच सांगायचा. “दाजी, मी मन्हा पायवर उनू, मन्हा पायवर जासू. मला मरजीवाल्यात घाला. सही आप्पाची नको.”

आप्पांची सही मात्र सुटेना. आप्पा स्वतः एकेकाळी लूमवरच होते. आता मुकादम आहेत, आणि समाजाच्या मंडळाचे उपाध्यक्ष. डिंडोलीत चौकाचौकात त्यांचा फोटो हात जोडून उभा असतो, कधी वाढदिवसाच्या शुभेच्छा देत, कधी घेत. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा कडोदऱ्याला एका कंपनीत सुपरवायझर, माणसं मूळची नंदुरबारकडची, आता राहायला कडोदऱ्यालाच. साखरपुडा पुढच्या गुरुवारी. मुलाकडच्यांना आप्पांनी सांगून ठेवलं होतं की धाकटा भाऊ गावाला शेताच्या कामाला गेला आहे. आमच्या सासऱ्यांची गावाला शेती होती ती विकून निदान एक पिढी झाली आहे.

“गुरुवारपर्यंत त्याची तब्येत नाजूक आहे,” आप्पा मला म्हणाले.

“आणि शुक्रवारी?”

“पाव्हनं, तुम्ही शिकवता, तुम्हाला सुट्ट्या असतात. आम्हाला समाजात राहायचंय.”

माझ्या बायकोने हे ऐकलं आणि ठरवलं की डॉक्टरबाईंना सगळ्यांनी एकत्र भेटायचं. ती, मी, आप्पा, आणि स्वतः पेशंट. आप्पा तयार झाले. त्यांना कुठल्याही बैठकीला नाही म्हणता येत नाही.

बैठक सुरू झाली आणि आप्पांनी सूत्रं हातात घेतली. भाऊ कसा धोकादायक आहे हे ते सांगू लागले. अशा वेळी ते उभे राहतात. ते उभे राहिले. आवाज मंडळाच्या सभेचा, त्यावर जुन्या खात्याचा पाया. “मॅडम, याचा भरोसा नाही,” म्हणत त्यांनी दोन मुठी जुळवून तोडल्या. त्याच्या डोक्यातला धागाच तुटलाय, असं त्यांना म्हणायचं होतं. मग तळहात आडवा फिरवला. तो का फिरवला, मला माहीत नाही. टेबलावरचा पेनस्टँड पडला. माझी बायको तेवढ्याच आवाजात म्हणाली की आप्पा, खाली बस, तुला पण ठेवून घेतील. ती तेव्हा उभी होती. धाकटा तेवढा हात मांडीवर ठेवून बसला होता. गोळीमुळे म्हणा, झोपेमुळे म्हणा.

डॉक्टरबाईंनी तिघांकडे पाहिलं. दार अर्धवट उघडून वॉर्डबॉय आत डोकावून गेला.

“तुमच्या घरी सगळे असेच बोलतात?” त्यांनी माझ्या बायकोला विचारलं.

“नाही हो मॅडम. परक्यांसमोर आम्ही हळू बोलतो.”

बाईंच्या जागी दुसरं कोणी असतं तर रागावलं असतं. त्यांनी मात्र त्याचा कागद उघडला आणि पहिल्या दिवशीचं स्वतःचं लिहिणं वाचलं. ‘मोठ्याने ओरडतो, हल्ल्याचे हावभाव करतो.’ पेन घेऊन त्यांनी विचारलं, हे हातांचं काय आहे? आम्ही तिघांनी एकाच वेळी सांगितलं, त्यामुळे त्यांना काही कळलं नाही. मग त्यानेच एकेक खूण करून दाखवली, बसल्या जागेवरून. त्यांनी त्याला कानाच्या विभागात पाठवलं. दोन्ही कान बरेच गेलेले निघाले. त्याने आजवर हे कोणाला सांगितलं नव्हतं, कारण खात्यात सगळ्यांचेच गेलेले असतात. तिथे ती तक्रार नसते, अनुभव असतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला बोलावून सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने, की आता तुमच्या इच्छेने तुम्ही इथे आहात. जायचं असेल तेव्हा सांगा. औषध मात्र चालू ठेवा. त्याने सही केली. त्याची सही इंग्रजीत आहे, फार झोकदार, शेवटी दोन टिंबं. मी पाहत होतो. वॉर्डातल्या आयाने त्याला मुबारक म्हटलं. बा खोलीतूनच म्हणाल्या, “आव, आपण एकाच नातीतले झालो.” म्हणजे एकाच जातीतले.

तो म्हणाला, “दाजी, उद्या सकाळी निघतो. परवाची दिवसपाळी धरतो.”

संध्याकाळी आप्पा आले. एकटे. त्यांना असं कोणाबरोबर न आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते त्याच्या खाटेवर टेकले आणि इतक्या हळू बोलले की धाकट्याने दोनदा कान पुढे केला. त्यांनी समाजाचं नाव काढलं नाही. मुलाच्या आत्याची एक सोयरीक त्यांच्या घरच्यांनी याच कारणावरून मोडली होती, समोरच्या घरात कोणी डोक्याचं आजारी आहे म्हणून. आपल्या पोरीचं मोडलं तर मी कोणाला तोंड दाखवू, असं नाही म्हणाले ते. म्हणाले, “ती रात्री रडते. मला सांगत नाही.”

“माले माहीत शे,” धाकटा म्हणाला. पोटमाळ्याखालीच तिची खोली; फळ्यांच्या फटींतून रात्रभर तिचा दिवा दिसायचा. मग त्याने विचारलं, “गुरुवार झाला की?”

“गुरुवार झाला की तू मोकळा.”

“मोकळा तर मी आता पण आहे, आप्पा.”

आप्पा खाटेवरची चादर सरळ करू लागले.

“राहतो,” तो म्हणाला. “पण तू काही सांगू नको इथल्या लोकांना. मी सांगतो.” आणि उठून त्याने स्वतः आयाला सांगितलं की आपण गुरुवारपर्यंत आहोत.

मी चिडलो. आप्पा गेल्यावर म्हणालो, एवढं करून मिळालं ते एका दिवसात परत दिलंस. मशीनं जातील. तो म्हणाला, जातील. बदलीचा ओडिया पोरगा आहे, चांगला हात आहे त्याचा.

“मग फरक काय पडला? तेव्हाही तुला अडकवून ठेवलं आप्पांनी, आताही.”

“तेव्हा मला जाता येत नव्हतं,” तो म्हणाला. “आता मी जात नाही.”

कायद्यात हा फरक आहे. कलमही आहे. खाट तीच होती, गोळ्या त्याच, आणि सकाळी चहाही तोच गार. मरजी नावाची गोष्ट नेमकी कोणाच्या खिशात असते याचा मी त्या बाकावर बसून पुष्कळ विचार केला, आणि मग बस चुकली.

साखरपुडा थाटात झाला. मंडळाचे अध्यक्ष बोलले, उपाध्यक्ष बोलले, माइक बिघडला तेव्हा कोणाला फारसं कळलं नाही. शुक्रवारी धाकटा घरी आला. न्यायला येऊ नका म्हणाला होता. मशीनं गेली होती. मागच्या खात्यात जुनी, सारखी अडकणारी मशीनं मिळाली, आणि त्याने शेठकडून फक्त दिवसपाळी मागून घेतली. शेठने दिली, कारण त्या मशीनांवर रात्री कोणी उभं राहत नसे.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मुलाचे वडील लग्नाचं बोलायला आले. आम्हीही होतो. उंच, हडकुळे, कमी बोलणारे गृहस्थ. चहा आला आणि त्यांनी धाकट्याकडे वळून आपुलकीने विचारलं, “कधी आलात गावाहून? कापूस कसा आहे यंदा?”

आप्पांनी कप तोंडाला लावला तो तसाच ठेवला. माझ्या मनात आलं, जे नाही ते दिसतं का, ऐकू येतं का, असं या माणसाला तिथे रोज विचारत होते. नाही म्हणू लागला तेव्हा बरा झाला म्हणाले. आता घर त्याच्याकडून न पेरलेल्या कापसाचा हिशेब मागत होतं.

त्याने आधी पुतणीकडे पाहिलं. ती दारात उभी होती. तिने मान हलवली, होकाराची की नकाराची ते मला कळलं नाही. त्याला कळलं असावं.

“गावाला नव्हतो मी,” तो म्हणाला. “दवाखान्यात होतो. झोपेचं, डोक्याचं. आता गोळी चालू आहे.”

मुलाच्या वडिलांनी कप बशीत ठेवला.

“कोणी नेलं?”

“मी गेलो.”

“एकटे?”

“एकटा.”

मग त्यांनी जे विचारलं ते आप्पांना अपेक्षित नव्हतं, मलाही नव्हतं.

“आणि त्यांनी घेतलं?”

“आधी नाही घेतलं नीट,” तो म्हणाला. “सोबत माणूस लागतो.”

मुलाच्या वडिलांनी खुर्ची थोडी त्याच्याकडे सरकवली. आवाज उतरवला, पण धाकट्याला ऐकू येईना म्हणून पुन्हा चढवावा लागला, आणि मग ते सगळ्यांसमोरच झालं.

“घरी एक जण आहे,” ते म्हणाले. “वर्ष झालं. यायला तयार आहे, पण न्यायचं कोणी? मी नेलं तर गावभर होईल.”

“पुढच्या बुधवारी मला परत सुट्टी आहे,” धाकटा म्हणाला. “तुम्ही फक्त रिक्षात बसवून द्या. पण आधी त्यांना विचारा, माझ्याबरोबर यायचंय का. विचारूनच.”

“विचारतो,” मुलाचे वडील म्हणाले.

आप्पांनी चहात साखर बरोबर आहे का असं विचारलं.